टाकण्याआधीचा घास

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी खाण्याची कुठलीही वस्तू तशीच टाकलेली मी कधी पाहिली नव्हती. दूध नासो, भात आंबो, पाव दगडासारखा कडक होवो, टाकण्याआधी त्यातला एवढासा कण त्या मोडायच्या, तोंडात घालायच्या आणि मगच बाकीचं कचऱ्यात जायचं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून भाजी करपली. तळाशी नुसता कोळसा. पातेलं कुठे लपवावं म्हणून मी ओट्याखाली वाकले होते, तेवढ्यात त्या आल्या. करपलेल्या खरवडीतला चिमूटभर तुकडा उचलून चावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "हं, आता टाक."

"अहो वहिनी, कोळसा खाल्लात तुम्ही!"

"किती लांबून आली होती बिचारी. कुणी पेरली, कुणी तोडली, कुणी वाहून आणली. आलेल्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवायचं का? आत बोलवावं, पाणी विचारावं, मग जा म्हणावं."

"आणि पोट बिघडलं तर?"

"माझं पोट म्हणजे धर्मशाळा आहे गं. कुणीही यावं, मुक्काम करावा, सकाळी उठून जावं."

घरातले सगळे त्यांना यावरून चिडवायचे. त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, पाहुण्यांना सांगायचे, "आमच्याकडचा कचरासुद्धा उष्टा असतो." वहिनी हसायच्या, पण सवय काही सुटली नाही. त्यांना ती सवय वाटायचीच नाही. हात पुसल्यावर फडकं वाळत घालावं, इतकं ते साधं होतं.

माझ्या मुलीला त्यांनीच भरवून मोठं केलं. मी दिवसभर विम्याच्या कचेरीत असायचे. पोरगी जेवणाच्या नावाने बोंब. दोन घास खायची आणि तोंड घट्ट मिटायची, म्हणून तर तिला सगळे चिमणी म्हणायला लागले. कचेरीतून मी फोन करायची, पहिला प्रश्न ठरलेला, "जेवली का?" पलीकडून वहिनी म्हणायच्या, "जेवली, ताट पुसून जेवली. तू तुझ्या फायलींना भरव."

त्यांची युक्ती मला नंतर कळली. ताटात काही उरलं की त्या चिमणीला सांगायच्या, "टाकलेलं रडतं. ऐकू येत नाही का तुला? तो बघ, कडेचा वाटाणा कसा मुसमुसतोय." चिमणी खरोखर ताटाला कान लावायची आणि मग घाईघाईने वाटाणा तोंडात टाकायची. एकदा तर कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून आत डोकं घालून बसलेली मला सापडली. मी वहिनींना म्हटलं, असलं काही सांगून घाबरवू नका हो तिला. त्या म्हणाल्या, "घाबरवत नाही गं, ओळख करून देतेय."

दीर गेले. वहिनींचा मुलगा लांबच्या शहरात नोकरीला, दर रविवारी त्याचा फोन येतो, आवाज येत नाही म्हणतो आणि ठेवतो. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या होत्या, तिथे वहिनी एकट्या राहू लागल्या. आम्ही वर या म्हटलं, निदान जेवायला तरी रोज या म्हटलं. रविवारी यायच्या, एरवी नाही. "तुमच्या ताटात माझा रोजचा हात नको," एवढंच म्हणाल्या. मग चौकातल्या मोठ्या दुकानात त्यांना काम मिळालं. त्या कामावर त्यांचं भाडं, त्यांचं औषध, त्यांचं दिवाबत्तीचं सगळं चालायचं, आणि कुणापुढे हात पसरावा लागत नाही हा ताठाही. वयाची साठी जवळ आलेल्या बाईला दुसरीकडे कुणी उभं करणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही.

ते दुकान म्हणजे अक्षरशः गाव आहे. काचेची दारं, आत गारठा, एका बाजूला भाज्या ओळीने मांडलेल्या, दुसऱ्या बाजूला ताज्या पावाचा वास. काय काम असतं म्हणून विचारलं तर वहिनी म्हणायच्या, "मागे असते मी. माल बांधायला." त्यांची नखं निळी दिसायची. विचारलं तर शिक्क्याची शाई म्हणाल्या. मी लिंबाची फोड दिली घासायला. त्यांनी घासली, वास घेतला, म्हणाल्या, "लिंबू चांगलं आहे, वाया नको घालवूस," आणि ती फोड पाण्यात पिळून ते पाणी पिऊन टाकलं.

कामाच्या दिवशी संध्याकाळी जिन्यात भेटल्या की मी विचारायची, "चला, दोन घास खाऊन जा." त्या म्हणायच्या, "नको गं, पोट भरलंय." मला वाटायचं, संकोच करतात.

इकडे चिमणी कॉलेजला गेली आणि आमच्या घरात जेवणाची पंगत बंद पडून चौकशी समिती बसू लागली. आधी मटण गेलं, मग अंडी गेली, मग दूध. मग विमानाने आलेली फळं, मग प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीही.

"आई, हे टोमॅटो कुठून आले?"

"बाजारातून."

"बाजारात कुठून आले?"

"त्यांच्या आईबापांना विचार बाई. मी लग्न जमवत नाहीये त्यांचं."

ती हसायची, पण टोमॅटो बाजूला सारायची. ती चुकीचं बोलायची असं नाही. खरं दुखणं तेच होतं. कोंबड्या कशा कोंडून ठेवतात, शेतात औषधं मारणाऱ्या माणसाच्या हातांचं काय होतं, सगळं ती नीट समजावून सांगायची. प्रत्येक मुद्द्याला मी मान हलवायची आणि तिच्या मनगटाकडे बघत बसायची. घड्याळाचा पट्टा आणखी एक भोक आत गेलेला असायचा. बरोबर बोलणारी मुलगी उपाशी राहिली तर तिला रागवायचं तरी कशावरून? खोकल्याला औषध असतं, खरेपणाला काय द्यायचं, हे मला अजून कुणी डॉक्टरने सांगितलेलं नाही.

वहिनींकडे मात्र ती जेवायची. रविवारी सकाळी खाली जायची, काकूने उकडलेले बटाटे मीठ लावून खायची, सालासकट. मी तक्रार केली की वहिनी तिचीच बाजू घ्यायच्या. "विचार करून खाते ती, वाईट काय आहे? आपण बिनविचाराने खाल्लं, बघ, कंबर कुठे गेली ती सापडत नाही."

गेल्या वर्षी तिने आणि कॉलेजमधल्या मुलांनी एक मोहीम काढली. मोठी दुकानं खाण्याजोगं अन्न फेकून देतात, ते उघडकीला आणायचं. दुकानांच्या मागच्या आवारात काय चालतं त्याचं चित्रण करायचं, लोकांना दाखवायचं. एका रविवारी तिने हे आमच्या स्वयंपाकघरात उत्साहाने सांगितलं. वहिनी बटाटे सोलत होत्या.

"काकू, हे सगळं तुझ्यामुळे आहे हं. टाकलेलं रडतं, तूच सांगायचीस."

वहिनींची सुरी थांबली. "मागच्या बाजूला रखवालदार असतो ना पण?"

"असतो. पण भिंतीला जाळी असते."

"बघ हो, जपून," एवढं म्हणून त्यांनी पुढचा बटाटा घेतला. त्या दिवशी साल फार जाड निघत होती. मला ते आत्ता आठवतं.

मग एका सकाळी चहा पिताना नवऱ्याने फोन माझ्यापुढे धरला. "बघितलंस? आपल्या चिमणीच्या ग्रुपचा व्हिडिओ. गावभर झालाय."

जाळीतून घेतलेलं चित्र होतं. सिमेंटचं आवार, मोठे कचऱ्याचे डबे, चाकांच्या गाडीवर पावांचे ट्रे. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, गुडघ्यापर्यंत ॲप्रन घातलेली एक बाई पावांची पाकिटं एकेक करून फाडत होती. चेहरा पुसट केलेला. सगळी फाडून झाल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं, मास्क हनुवटीवर ओढला, एका पावाचा कोपरा मोडला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. मास्क वर केला. मग बाजूचा कॅन उचलून निळं पाणी त्या सगळ्या पावांवर ओतलं. दुसरा ट्रे. मास्क खाली, एक घास, मास्क वर, निळं पाणी. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ती खाते. भुकेल्याला देत नाही.'

खाली लोकांनी लिहिलेलं वाचवत नव्हतं. तिला नाव पडलं होतं, निळी बाई. चव बघून विष ओतते. हिलाच ते पाजा. हिच्या घरी पोरंबाळं नसतील. एकाने तर लिहिलं होतं, बघा कशी चवीने खाते ही भवानी.

नवरा म्हणाला, "काय नालायक बाई आहे."

"वहिनी आहेत त्या," मी म्हटलं.

त्याने पुन्हा पाहिलं. घासापर्यंत पाहिलं. मग फोन टेबलावर उलटा ठेवला आणि चहा तसाच सोडून उठला.

मी खाली गेले तेव्हा वहिनी कामावर जायला निघाल्या होत्या. पिशवीत ॲप्रन घडी करून ठेवत होत्या. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "पाहिलास ना? मलाही आलाय. मुलाने पाठवलाय."

"त्याने ओळखलं?"

"कुठलं. वर लिहिलंय, 'आई, बघ तुमच्याकडे कसली माणसं असतात.' पूर्ण कोण बघतं गं? शिव्या द्यायला सुरुवात पुरते."

मी खुर्चीत बसले. मग त्यांनी सांगितलं. उद्याची शेवटची तारीख असलेला माल आज संध्याकाळी फळीवरून उतरवायचा, मागे न्यायचा, पाकिटं फाडायची आणि फरशी पुसायचं निळं औषध त्यावर ओतायचं. पाकीट फाडल्याशिवाय औषध आत जात नाही, म्हणून फाडायचं काम आधी.

"पण कशासाठी?"

"कुणी डब्यातलं उचलून खाल्लं आणि आजारी पडलं, तर दुकानावर येतं. आणि मागच्या दाराला फुकट मिळायला लागलं, तर पुढच्या दाराने कोण येईल? हे दुसरं साहेबाने जरा हळू सांगितलं होतं. पोरगाच आहे तो, मला मावशी म्हणतो."

"तुम्ही कधी बोलला नाहीत आम्हाला."

"काय बोलू, धाकटे? ज्या पोरीला टाकलेलं रडतं म्हणून भरवलं, तिला सांगू, की मी रोज संध्याकाळी त्यांना रडवायला जाते?"

पहिल्या दिवशी त्यांच्याने कॅन उचलवला नव्हता. पाव अजून मऊ होते. साहेब दाराशी उभा. मग त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात घातला आणि हात चालला. तेव्हापासून रोज तसंच. पाव, केक, चीज, कापलेली फळं, प्रत्येक ट्रेतला एक घास.

"तेच माझं जेवण व्हायचं," त्या म्हणाल्या. "पोट भरलंय म्हणायचे ना तुला, ते खोटं नव्हतं. चल, उशीर होतोय."

"जाऊ नका आज."

"न जाऊन कसं चालेल? सांगितलं तेच केलंय मी. साहेबाने रात्री फोन करून सांगितलंय, मावशी घाबरू नका, तुम्ही नियमाप्रमाणे केलंत." पिशवी खांद्याला लावून त्या गेल्या. चालताना त्यांनी ओढणीसारखा एक रुमाल तोंडावर ओढून घेतला होता. ओळखणार कोण होतं त्यांना? तरी ओढला.

चिमणी दुपारी घरी आली ती चेहरा फुललेला घेऊन. दुकानाच्या मोठ्या कचेरीतून त्यांना बोलणी करायला बोलावणं आलं होतं. बूट काढता काढताच सांगत होती. मी तिला पुरं बोलू दिलं. मग म्हटलं, "ती काकू होती."

तिने दुसरा बूट काढला. दोन्ही नीट जोडून ठेवले.

"माहीत आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "कधी कळलं?"

"तिने मास्क खाली केला तेव्हा. घास मोडला तेव्हा. असं कुणी दुसरं करतच नाही ना, आई."

"आणि तरी?"

"चेहरा पुसट केला मी."

"चेहरा पुसट केलास. घास नाही केलास."

"तो काढला असता तर व्हिडिओत काही राहिलंच नसतं." तिचा आवाज चढला. "नुसतं ओतणारी माणसं सगळ्यांनी पाहिलीयत. तसले व्हिडिओ आम्ही आधी चार टाकले, कुणी थांबून बघितले नाहीत. तो घास होता म्हणून लोक थांबले."

"आणि ते वाक्य? ती खाते, भुकेल्याला देत नाही?"

"ते ग्रुपने लिहिलं."

"तू कुठे होतीस तेव्हा?"

तिने पायमोजे काढून बुटांत कोंबले. म्हणाली, "ते ओतणं चूक आहे की नाही, एवढंच सांग."

"आहे."

"मग?"

कॉलेजात मी वादविवादाच्या ढाली जिंकल्या आहेत, अजून माळ्यावर आहेत, त्यातली एकही त्या 'मग'पुढे उपयोगी पडली नाही. मी म्हटलं, "तिची नोकरी गेली तर?"

"तसली नोकरी तिने करायलाच नको होती. आपण होतो ना."

"ती घेते का आपल्याकडून?"

"म्हणजे तिच्या अभिमानासाठी रोज एवढं अन्न..."

"तुझा टोमॅटो कशासाठी बाजूला असतो गं?" मी ओरडले. ती खोलीत गेली, दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. ते जास्त लागलं मला. त्या दिवशी ती जेवली नाही. मी दोनदा दाराशी जाऊन आले, तिसऱ्यांदा ताट तिच्या टेबलावर ठेवून आले. रागावलेली होते तरी मला आधी तेच सुचलं, जेवली नाही.

संध्याकाळी वहिनी परत आल्या त्या सरळ वर आमच्याकडे. कामाच्या दिवशी प्रथमच. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या, पाणी मागितलं. चिमणी दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, बोलावलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

"काढलं," त्या म्हणाल्या.

"ओतल्याबद्दल? पण ते तर त्यांनीच..."

"ओतल्याबद्दल नाही गं. खाल्ल्याबद्दल." त्यांनी पाणी संपवलं, पेल्यातला शेवटचा थेंबसुद्धा. "वरचे मोठे साहेब आले होते. म्हणाले, उतरवलेला माल असला तरी माल दुकानाचा. ओतलं ते नियमात बसतं, खाल्लं ते चोरीत बसतं."

माझा नवरा म्हणाला, "असं कसं? चला, मी येतो उद्या, भांडू."

"थांबा भाऊजी, पुढचं ऐका. मग म्हणाले, मावशी, वाट आहे एक. ओतायची कल्पना तुमची होती, दुकानाने सांगितलं नव्हतं, एवढं म्हणा. चोरीचं आम्ही विसरतो. दुसऱ्या शाखेत घेतो, तिथे बसून काम आहे."

"मग?" चिमणीने विचारलं. दिवसभरातला तिचा तोच शब्द, आता अगदी बारीक आवाजात.

"मग काय? मी म्हटलं, ओतणं तुमचं आहे, घास माझा आहे. ज्याचं त्याने घ्यावं." त्या जरा हसल्या. "आमच्या पोरसवदा साहेबाने मान खाली घातली. मोठे साहेब म्हणाले, तुमची मर्जी. ॲप्रन परत घेतला, पिशवी तपासली. पिशवीत काय होतं, तर माझा चष्मा."

दोन दिवसांनी दुकानाच्या काचेवर सूचना लागली. एक कर्मचारी अन्नाची नासधूस आणि चोरी करताना आढळल्याने तिला कामावरून कमी केले आहे, अन्नाचा एक कणही वाया जाऊ नये हेच आमचे धोरण आहे, ग्राहकांना झालेल्या मनस्तापाबद्दल क्षमस्व. त्याखाली चिमणीच्या ग्रुपबरोबर दुकानाच्या अधिकाऱ्यांचा फोटो. उरलेला माल अनाथालयाला देणार असं ठरलं होतं. आणि ग्रुपने दुकानाच्या प्रामाणिकपणाचे आभार मानायचे, हेही ठरलं होतं. मोहीम जिंकली. शेजारच्या बाई जिन्यात थांबवून मला म्हणाल्या, "नशीबवान आहात हो, असं काही करणारी मुलगी आहे. आमचा दिवसभर पडून असतो." मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अनाथालयाला पाव काही दिवस गेले. मग दुकानाच्या आवारात एक बंद लोखंडी पेटी आली. भिंतीच्या आतूनच माल त्यात पडतो आणि दाबला जातो. जाळीतून आता काहीच दिसत नाही, आणि ओतायला बाई लागत नाही. हे वहिनींना रखवालदाराने सांगितलं, वहिनींनी मला. चिमणीला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आम्ही विचारू त्यांना." विचारलं असेल. तिला तेव्हा दुसऱ्या कॉलेजांमधून बोलावणी यायला लागली होती, अन्न आणि आपली जबाबदारी या विषयावर बोलायला. छान बोलते ती. आरशासमोर सराव करताना मी ऐकलंय. वाटाण्याची गोष्टही सांगते, लहानपणी घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मला सांगितलं, अशी सुरुवात करून.

वहिनी आता शेजारच्या गल्लीतल्या दवाखान्यात फरशी पुसतात. तोच निळा कॅन, तेच औषध. आम्ही पैसे देऊ केले तर म्हणाल्या, "चोराला घरात पोसू नये."

रविवारचं जेवण मात्र आम्ही कुणीच मोडलं नाही. मोडायचं कुणी, हाच प्रश्न होता. चौघं बसायचो, भांड्यांचा आवाज तेवढा व्हायचा. चिमणी ताटातलं सगळं संपवायची, टोमॅटोसुद्धा. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते असं आलं, आणि मला ते बघवत नव्हतं.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर ती फोन घेऊन काकूच्या स्टुलाशी जमिनीवर बसली. "काकू, मी लिहिलंय. सगळं खरं. ती बाई माझी काकू आहे, ओतायला दुकानाने सांगितलं होतं, तो घास का घेतला होता, सगळं. माझं चुकलं हेही लिहिलंय. तू हो म्हण, मी आत्ता टाकते."

"ग्रुपला चालेल?" मी विचारलं.

"नाही चालणार. मी सोडीन ग्रुप."

वहिनींनी तिच्या केसांवरून हात फिरवला नाही, जो त्या एरवी न बघताही फिरवायच्या. म्हणाल्या, "नको."

"का पण? लोकांना कळू दे ना!"

"काय कळू दे? आत्ता लोक एका निळ्या बाईला शिव्या देतात. तिला नाव नाही, तोंड नाही. तू नाव घालशील, तोंड घालशील. मग निम्मे म्हणतील बिचारी, निम्मे म्हणतील घरचेच लोक आहेत, ठरवून केलं. माझा मुलगा वाचेल की त्याने कुणाला काय लिहिलं होतं. त्याला काय मिळेल? तुला बरं वाटेल, तेवढंच." मग शांतपणे म्हणाल्या, "एकदा वाढलंस मला लोकांपुढे. पुन्हा नको वाढूस."

चिमणीने फोन उलटा केला.

मी उठून फ्रिज आवरायला लागले. मागे एका वाटीत परवाचा भात राहिला होता. झाकण काढलं, आंबट वास आला. मी काही विचार न करता, इतक्या वर्षांच्या सवयीने, वाटी वहिनींपुढे धरली.

त्यांनी वाटीकडे पाहिलं. "टाक."

"अहो, पण तुमचा..."

"टाक गं. मोडली ती सवय." त्या उठून उभ्या राहिल्या, गुडघ्यावर हात टेकून.

मी डब्याचं झाकण उघडलं. वाटी कलती करणार तोच चिमणीने हात घातला, बोटभर भात उचलला आणि तोंडात घातला. "अगं, खराब झालाय तो!" मी तिचं मनगट धरलं. माझ्या दोन बोटांत मावतं ते.

वहिनी दारापर्यंत गेल्या होत्या. मागे वळून म्हणाल्या, "आंबलंय ते, पोट दुखेल. त्याने दुसरं काही व्हायचं नाही." आवाजात राग नव्हता. जिन्यात कुणाला तरी पायरी तुटलीय, सांभाळा, असं सांगावं तसं सांगितलं.

चिमणी वाटीकडे बघत उभी. तोंडातला घास तिला गिळवेना आणि थुंकवेना. बाहेर वहिनी अंधाऱ्या जिन्यात पायाने चपला चाचपत होत्या.